भावामुळे

मी इंग्रजी कथांचे मराठी अनुवाद करते. आमचे हे दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत. संध्याकाळी चहा घेताना दिवसभराचं काम मी यांना वाचून दाखवते. हे मधूनमधून 'बिल्कुल' म्हणतात, म्हणजे लक्ष दुसरीकडे आहे असं समजायचं.

त्या दिवशी एका वाक्यावर गाडी अडली. 'ही डिड नॉट गो होम बिकॉज ऑफ हिज ब्रदर.' तो घरी गेलाच नाही आणि त्याला कारण भाऊ? की गेला, पण भावासाठी नव्हे? कथेत पुढेमागे कशाचाच पत्ता नाही. लेखक लिहून मोकळा, निस्तरायचं मी!

मला तो घरी जायला हवा होता. खरं तर मलाच जायचं होतं. यांची निवृत्ती जवळ आली होती, सरकारी क्वार्टर सोडावं लागणार होतं. पुण्याला सासरच्या घरात मोठे दीर खाली राहतात, वरच्या दोन खोल्या आपल्याच, असं मी जन्मभर धरून चालले होते. मनातल्या मनात पडदेही लावून झाले होते.

तेवढ्यात यांच्या फोनवर दिरांचा मेसेज आला. गणपतीचं रंगीत कार्ड. 'सहकुटुंब दर्शनास यावे. वेळ सायंकाळी पाच ते आठ.'

आमच्यात घरच्या गणपतीला घरच्यांना आमंत्रण नसतं. 'कोणत्या गाडीने येताय?' एवढंच विचारायची पद्धत. दरवर्षी दीर तेवढंच विचारायचे. कार्ड जायचं ते सोसायटीतल्या लोकांना आणि त्यांच्या ऑफिसातल्यांना.

"चुकून आलं असेल हो. सगळ्यांना एकदम पाठवतात," मी म्हणाले.

"वर आपलं नाव घातलंय. श्री. व सौ."

माझं डोकंच फिरलं. "फोन लावा आत्ताच्या आत्ता! विचारा, आम्ही पाहुणे कधीपासून झालो?"

यांनी फोन लावला नाही. कार्डाखाली हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि गार झालेला चहा संपवला. मला यांचा राग आला आणि लगेच फार वाईटही वाटलं.

"अगं, तो गेला नाही असंच लिही," हे म्हणाले. "आणि रविवारी गाझियाबादला जाऊन येऊ. लिफ्टवाला फ्लॅट बघू. आता म्हातारं व्हायचं ते इथेच."