राजपुत्राला काही होत नाही

माझा मुलगा जर्मनीत असतो. दर रविवारी दुपारी, आमची जेवणं आटोपली की त्याचा व्हिडिओ कॉल येतो. कसा आहेस, मस्त. नाश्ता झाला का, हो. काम काय म्हणतंय, एकदम छान. मग तो आजीच्या गुडघ्यांची चौकशी करतो, आजी तिकडच्या थंडीची करते, आणि पाच-सात मिनिटांत आम्ही एकमेकांना हात हलवून मोकळे होतो. पोरगा सुखात, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. तरी माझ्या सासूबाईंची तक्रार होतीच. हा नातू त्यांच्या हाताखाली वाढलेला. शाळेतून आला की कुणाशी भांडला, कुठे मार खाल्ला, हे दप्तर टाकायच्या आत त्यांच्या कानावर घालायचा. आता त्याच्याशी बोलायला विषयच उरला नाही, हे त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. आणि सासूबाई नुसतं मनाला लावून घेऊन बसणाऱ्यांतल्या नाहीत.

इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, त्याच्या खोलीत, एक इंग्रजी पुस्तकमालिका अजून तशीच आहे. नऊ भाग, त्यातला कुठलाही उशाला घ्यावा एवढा जाड. मेंढपाळाच्या घरी वाढलेला राजपुत्र, काळ्या किल्ल्यात बसलेला दुष्ट राजा, तलवारी, पंखवाले सर्प. कॉलेजात असताना मुलगा ही पुस्तकं ताटाशेजारी उघडी ठेवून जेवायचा, पानांवर आमटीचे डाग अजून आहेत. सासूबाईंनी फर्मान काढलं, "मला हे वाचून दाखव. सगळं ऐकते आणि मग त्याच्याशी बोलते. बघू किती वेळात फोन ठेवतो." त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाल्याला बरीच वर्षं झाली, त्यामुळे वाचणं माझ्याकडे आलं.

"आई, त्याला सरळ फोनवरच विचारा ना त्या पुस्तकांबद्दल," मी म्हटलं.

"अर्ध्या अभ्यासावर मी तोंड उघडत नाही," त्या म्हणाल्या.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. माझं इंग्रजी सगळं पत्रव्यवहारातलं. समोर इंग्रजी पान आणि तोंडाने मराठी, असा माझा कारभार सुरू झाला. दुष्ट राजा सिंहासनावरून गरजायचा आणि माझ्या तोंडून निघायचं, "आपल्या उद्धट वर्तनाची गंभीर दखल घेण्यात आली आहे." सासूबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. राजा म्हणजे वरचा साहेबच, असं त्या म्हणाल्या.

पंचवटीत राहत होत्या तेव्हा सासूबाई तिथल्या बायकांच्या पोथीवाचनाच्या पुढारी होत्या. पुस्तक कुठलंही असो, वाचायची रीत त्यांना एकच ठाऊक. पुस्तक जमिनीवर ठेवायचं नाही, पाटावर ठेवायचं. वाचणारीने मधे उठायचं नाही. घेतलेलं पारायण अर्धवट सोडायचं नाही, सोडलं तर घराला बाधतं. आणि या मालिकेने तर पहिल्याच दिवशी पंचाईत केली. प्रकरण संपलं तेव्हा राजपुत्र कड्यावरून एका हाताने लोंबकळत होता. मी समाधानाने पुस्तक मिटायला घेतलं.

"मिटू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "दिवेलागणीला माणूस असा टांगून ठेवून उठायचं नसतं. वर घे त्याला."

पोथीचा अध्याय संपतो तो कुणाचं तरी भलं होऊन, हा त्यांचा हिशेब. मग मी पुढच्या प्रकरणातली दोन पानं वाचली, एका गरुडाने राजपुत्राला वर घेतलं, आणि आम्ही देवापाशी दिवा लावला. हे रोजचंच झालं. लेखकाने जिवाचं रान करून त्याला विहिरीत ढकलावं, विष पाजावं, साखळदंडात जखडावं आणि आम्ही त्याला दिवेलागणीआधी सोडवून आणावं.

समोरच्या फ्लॅटमधली शेजारीणही ऐकायला येऊ लागली. ती सिन्नरकडची. तिचा नवरा तोफखान्यात होता, अर्धा संसार देवळाली कॅम्पात गेला. पहिले दोन भाग आम्ही तिघी त्या राजपुत्राच्या प्रेमात होतो. तेव्हा तो घाबरायचा. त्याच्याकडून मेंढ्या हरवायच्या, लापशी करपायची, आणि मानलेल्या बापाने थोबाडीत दिली की गोठ्यात जाऊन रडायचा. शेजारीण पदराने डोळे टिपायची. तिसऱ्या भागात त्याला जादूची तलवार मिळाली, चौथ्यात तो आगीतून चालत गेला आणि त्याचा केसही वाकडा झाला नाही. तोवर द्राक्षांचा हंगाम सुरू झाला होता. शेजारीण द्राक्षं निवडता निवडता पेंगायला लागली. मी हटकलं तेव्हा म्हणाली, "ताई, ह्याला कायच व्हत नाय. आमचे हे बॉर्डरवर व्हते तवा पत्र आलं नाय तर मला घास गिळायचा नाय. ह्याच्यापायी मी एक भाकर बी कमी खाल्ली नाय."

मला वाटलं, हा सासूबाईंच्या रीतीचा दोष. रोज त्याला सुखरूप घरी आणून झोपवल्यावर धाकधूक राहणार कशी? मी तसं बोलूनही दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी दोन पानं पुढे वाचायला लावली. नसती लावली तर तो मेला असता?"

खरंच होतं ते. त्याला मरू द्यायचंच नाही, हे लेखकाने आमच्याही आधी ठरवून टाकलेलं होतं. बरं, मरण राहू दे. त्याचं पोट बिघडत नव्हतं, अंदाज चुकत नव्हता, त्याने केलेल्या कामाबद्दल कुणी त्याला बोल लावत नव्हतं. पाचव्या भागापासून आम्ही एका नावाडणीच्या मागे लागलो. तिची होडी गळकी होती आणि मुलगा लढाईत बेपत्ता. ती दीडशे पानांत एकदा यायची. "आली का ती?" सासूबाई विचारायच्या. नाही आली म्हटलं की भिंतीला टेकून डोळे मिटायच्या. पण पारायण सोडायचं नाव नाही. शेजारीण हुशार, भाच्याच्या लग्नाचं निमित्त काढून तिने सातवा भाग चुकवला. मला भाचा नव्हता. द्राक्षं संपली, आंबे आले, माझा घसा बसला.

अखेर एकदाचा तो राजा झाला. सासूबाईंनी सांगतेचा शिरा करायला लावला. नावाडणीचं काय झालं, हे लेखक सांगायला विसरला होता. शेजारणीने शिरा खाताना त्याबद्दल त्याला दोन शिव्या दिल्या.

त्या रविवारी सासूबाई इस्त्रीची साडी नेसून फोनसमोर बसल्या. मस्त, छान, नाश्ता झाला हे होऊन गेल्यावर त्यांनी एवढ्या महिन्यांची तयारी बाहेर काढली. "काय रे, तुझ्या त्या राजपुत्राने शेवटच्या लढाईत तलवार टाकून दिली, ते तुला पटलं?"

"कुठला राजपुत्र?" मुलगा गोंधळला. मग हसायलाच लागला. "अगं आजी, ती पुस्तकं मी चौथ्या भागात सोडली."

माझा हात नकळत घशाकडे गेला. सासूबाईंनी विचारलं, "का रे?"

"बोअर झालं. आधी कसा भेदरट होता, तेव्हा मजा यायची. मग त्याला काही होतच नाही. दर वेळी जिंकतो."

"अगदी माझ्या मनातलं बोललास," सासूबाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. त्यानंतर आजी-नातवाने त्या राजपुत्राची जी काही सालं काढली, ती ऐकून मी हसून हसून बेजार झाले. गरुड नेमका तेव्हाच बरा येतो, आगीत साधी पैरणसुद्धा जळत नाही. किती तरी वेळ फोन चालू होता. सासूबाईंना हवं ते मिळालं, असं मला वाटलं आणि खरंच फार बरं वाटलं.

मग त्याच ओघात, काही विशेष बोलतोय असा आव न आणता, त्या म्हणाल्या, "तुझंही तसंच झालंय बघ. दर रविवारी जिंकून येतोस. ऐकणाऱ्याने करायचं काय?"

तो हसला. पण ते हसू मधेच थांबलं आणि त्याने मान दुसरीकडे वळवली.

"आजी, माझी नोकरी गेलीय," तो म्हणाला. "मार्चमध्येच."

म्हणजे आम्ही त्या राजपुत्राला कंटाळून पेंगत होतो, तेव्हा हा तिकडे एकटा बसून अर्ज करत होता आणि रविवारी आम्हाला मस्त म्हणत होता. मला त्याचा भयंकर राग आला. सासूबाईंनी मात्र एवढंच विचारलं, "मग दिवसभर काय करतोस?" आणि तो सांगायला लागला. सकाळी लवकर जाग येते, पण उठावंसं वाटत नाही. दोन ठिकाणी मुलाखतीला बोलावलं आणि नाही म्हणाले. स्वस्तातली खोली बघितली, तिला नीट खिडकी नाही. एका मित्राशी उगाच भांडण झालं, त्यात चूक याचीच होती. शेजारीण दारात येऊन उभी राहिली होती, तीही आत येऊन खाली बसली. त्याने फोन ठेवला तेव्हा चहाची वेळ कधीच टळून गेली होती. पुढचा रविवार कधी येतो असं मला होऊन गेलं होतं.