चादरवाल्या बाईंचा शेवटचा विषय

हॉस्पिटलातल्या साऱ्या चादरी, उशांचे अभ्रे आणि ऑपरेशनचे हिरवे डगले ज्यांच्या हाताखालून जात, त्या बाईंना सगळे चादरवाल्या बाई म्हणत. सहाला धुलाईची गाडी, आठला वॉर्डांची मागणी, दहाला ऑपरेशनच्या खोलीतून हाक, "बाई, डगले कुठायत?" बत्तीस वर्षं बाई कोणी ना कोणी ओरडलं की धावल्या होत्या, आणि धावण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

पदवी मात्र एका विषयावाचून अडली होती. लेकाच्या वेळचे दिवस भरले आणि शेवटचा पेपर राहिला, तो राहिलाच. आता त्या लेकालाच टक्कल पडायला लागलं, तेव्हा विद्यापीठाचं पत्र आलं. जुने गुण अजून नऊ महिने धरू. तेवढ्यात एक विषय ऑनलाइन, आपला आपण पुरा करा. नाहीतर आधीचं सगळं रद्द.

बाईंनी मानसशास्त्र घेतलं. "सगळा जन्म माणसांतच गेला, त्यात काय अवघड?" बारा स्वाध्याय, मग परीक्षा. वेळापत्रक नाही, घंटा नाही, हजेरी नाही. जमेल तेव्हा करा.

इथेच घोडं पेंड खायला लागलं. जमेल तेव्हा म्हटल्यावर ते कधीच जमेना. कॉम्प्युटर उघडला की बाईंना नेमकं कपाट आवरावंसं वाटे, डब्यांची झाकणं जुळवावीशी वाटत. पाच महिन्यांत घर लख्ख झालं आणि स्वाध्याय झाला एक.

"कोणी ओरडतच नाही हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्ही तरी ओरडा."

नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. श्वाससुद्धा बेताने घेणारा माणूस. त्याने घसा साफ केला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "अगं, अभ्यास कर हं जरा." बाईंना हसू आवरेना, आणि तो दिवसही गेला.

उरल्या सासूबाई. वय एक्क्याऐंशी. त्या नुसत्या खोकल्या तरी खालच्या मजल्यावरचं भांडण थांबत असे.

"आई, रोज सातला मला ओरडाल का? अभ्यासाला बस म्हणून."

"मागून ओरडा मिळतो का गं? आधी चूक कर, मग बघू."

"अभ्यास करत नाही, ही चूक नाही का?"

"ती तुझी चूक. माझं काय बिघडवलंस?"

बाईंनी मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि सातला निदान दुसरा धडा तरी लावला. सासूबाई शेजारी मटार सोलत होत्या. पडद्यावरचा मास्तर कबुतरांबद्दल सांगत होता. बटण टोचलं की दाणा मिळतो. पण कधी मिळतो, कधी मिळत नाही असं केलं, की कबूतर टोचतच राहतं. सासूबाईंचा हात शेंगेवरच थांबला. धडा संपला.

दुसऱ्या दिवशी पावणेसातलाच त्या खुर्ची ओढून बसल्या. "लाव. त्या कबुतरांचं पुढं काय झालं?"

"पुढचा धडा उघडत नाही, आई. आधीचा स्वाध्याय लिहून पाठवला, की मगच उघडतो."

"मग पाठव की! बसलीस काय मख्खासारखी? पदवी घ्यायला निघालीय म्हणे! कालपासून जीव टांगणीला लागलाय माझा!"

बाईंच्या अंगात वीज संचारली. तासाभरात स्वाध्याय गेला.

मग गाडी अशी सुटली की विचारू नका. सासूबाई नुसत्या ऐकत नसत, मास्तरशी वाद घालत. "यात नवीन काय? तुझ्या सासऱ्याला मी असंच वळण लावलं. आठवड्यातून मी एकदाच हसायचे. बिचारा सहा दिवस भाजी आणायचा."

बाईंना ते पटलं, आणि त्यांनी सरळ स्वाध्यायात लिहिलं, 'आमच्या सासूबाईंच्या मते.' तपासणाऱ्यांचा शेरा आला, 'मत विचार करण्याजोगं आहे. संदर्भ नीट द्यावा. ग्रंथ, पान क्रमांक.' बाई कामात चोख. त्यांनी शेवटी लिहिलं, 'सासूबाई, वय ८१, प्रत्यक्ष बोलणं, स्वयंपाकघर.' दोन गुण जास्त मिळाले. सासूबाई तीन दिवस जमिनीवर नव्हत्या.

मुदतीला चार दिवस उरले असताना परीक्षा आली. ती कॅमेऱ्यासमोर द्यायची. खोलीत दुसरं कोणी दिसलं तर पेपर रद्द, आणि पेपर रद्द म्हणजे पदवीवर कायमचं पाणी. नवरा दुकानात गेला, सासूबाईंची रवानगी शेजारी झाली. पडद्याच्या कोपऱ्यात एक तरुण पर्यवेक्षक आला. त्याने चारी भिंती दाखवायला लावल्या, पलंगाखाली बघितलं आणि पेपर सुरू केला.

घर इतकं शांत बाईंनी कधी ऐकलं नव्हतं. पहिला प्रश्न वाचला, कळला, पण बोटं हलेनात. दहा मिनिटं गेली. वीस गेली. शेवटी त्यांच्याच तोंडून आवाज फुटला, "लिही की, भवाने! हातांना काय मेंदी लागलीय?"

पर्यवेक्षक दचकला. "मॅडम, खोलीत कोण आहे?"

"कोणी नाही हो. मीच."

"मग कोणाला बोलताय?"

"मलाच."

त्याने पुन्हा चारी भिंती बघितल्या, पलंगाखालचं पायपुसणंसुद्धा उचलायला लावलं. मग बराच वेळ नियम वाचत बसला. "उत्तरं मोठ्याने म्हणायची नाहीत असं आहे," तो हळूच म्हणाला. "स्वतःला रागवू नये असं कुठे दिसत नाही. पण मॅडम, जरा हळू रागवा. मी दचकतो."

बाई हळू रागवत राहिल्या आणि लिहीत राहिल्या. चार मिनिटं उरली असताना पेपर गेला.

बारा दिवसांनी निकाल लागला. अठ्ठावन्न गुण, पदवी पूर्ण. बाईंनी तो कागद छापून आणला, देवापुढे समईशेजारी ठेवला आणि डोळे मिटले. उघडले, तेव्हा सासूबाई चष्मा लावून कागदावर वाकल्या होत्या. सुनेच्या नावावरून त्यांचं बोट एकदा फिरलं, पुन्हा फिरलं.

"उचल तो तिथनं," त्या नाक ओढत म्हणाल्या. "तेल सांडलं तर डाग जायचा नाही. जन्मभर चादरी धुतल्यास, एवढंही कळत नाही?"