मागच्या रांगेपर्यंतचा आवाज

तमाशाच्या फडात मी पस्तीस वर्षं सोंगाड्या होतो. जत्रेतल्या हजारोंसमोर कधी कचरलो नाही. पण आमच्या प्रकाशा गावातल्या एका माणसासमोर उभं राहायचा धीर होत नव्हता. तो म्हणजे सायकली दुरुस्त करणारा गिरधर.

फडाची जुनी सायकल माझ्याकडे उरली आहे. यंदा तिची मागची रिम गंजून फाटली. चाक बांधावं तर गिरधरनेच. आणि मी तर गावी परतल्यापासून दोन वर्षं त्याचं दार टाळून लांबच्या गल्लीने जात होतो. म्हणून नवी रिम आणली, ओट्यावर बसलो आणि चाळीस तारा स्वतःच ओवल्या. दोन दिवस गेले. चाक उभं राहिलं खरं, पण हवा भरायच्या वॉलच्या भोकावर नेमक्या दोन तारा आडव्या आल्या. पंपाचं तोंड बसेना. शेवटी चाक खांद्यावर टाकून त्याच्या अंगणात गेलो.

त्याने चाक उन्हात धरलं. "काय मास्तर, खाट विणी का चाक?" एवढंच म्हणाला आणि एकेक तार सोडवू लागला.

मग त्याने सगळं नव्याने ओवलं. तार आवळायची, बोटाने छेडायची, डोळे मिटून कान लावायचा. पन्नास वर्षं तो असंच चाक बांधतो आहे.

पस्तीस वर्षांपूर्वी आमचा फड इथे आला, तेव्हा दुपारी त्याच्या दुकानात बसलो होतो. सोंगाड्याची रीतच होती, दुपारी गावातल्या गोष्टी वेचायच्या आणि खेळात त्याच गावाला ऐकवायच्या. गिरधर भोळेपणाने बोलून गेला, "तार बोलस, मास्तर. घरनी चार महिना व्हयनात, बोलत नही." त्याच्या बायकोचं नाव मी चहाच्या टपरीवर विचारून घेतलं.

खेळात चाक घेऊनच आलो. तार छेडली, डोळे मिटले, कान लावला. "बोल ना वं, दीपमाला!" गाव हसून लोळलं. मी ते तीनदा म्हणालो.

दीपमाला बायकांत बसली होती, हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं. खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती कळसाडीला माहेरी गेली, ती परत आलीच नाही. गिरधरने दुसरं लग्न केलं नाही. पोरं "बोल ना वं" ओरडत दुकानासमोरून पळायची आणि तो मान खाली घालून काम करत राहायचा.

आता तो शेवटची तार आवळत असताना मी म्हणालो, "गिरधरभाऊ, ती नक्कल... माझं चुकलं."

त्याने वर पाहिलं नाही. "जोरमा बोला, मास्तर. तवय ते मांगनी रांगलोंग आवाज जाये तुमना."

तो चेष्टा करत नव्हता. भिंतीपलीकडे शेजारच्या सुगंधाबाई अंगण झाडत होत्या. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी आवाज दाबला होता. टिंगल केली साऱ्या गावासमोर आणि माफी मागत होतो कानात. कानशिलं तापली.

उभा राहिलो. "गिरधरने विश्वासाने सांगितलेलं मी फडावर मांडलं. दीपमालाबाईंचं नाव घेऊन लोकांना हसवलं. माझं चुकलं!"

आवाज मध्येच फाटला. पलीकडचा झाडू थांबला. कुणी हसलं नाही.

गिरधरने एक तार छेडली, कान लावला.

"आयकू उनं," तो म्हणाला. "आते हाई चाक धरा. वाकडं फिरस, आउट काढनं बाकी शे."