बैलाला विचारलेले प्रश्न

लग्न होऊन आंधळगावजवळच्या त्या गावात आले, तेव्हा माझ्या भासऱ्यांचं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचं तोंड मी पाहिलं नव्हतं. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर यायचं नाही, बोलायचं नाही, हात लागणं तर दूरच. म्हणून मला ते कळले पायांकडून, पदराखालून. डावा पाय जरा ओढत टाकायचे. उंबऱ्यावर पाण्याचा लोटा ठेवला की उचलायला यायचा, तो हात दोन वाकड्या बोटांचा. एवढ्यावरून अख्खा माणूस कसा जुळवायचा, सांगा.

जावेला विचारलं. ती म्हणाली, "पट."

शंकरपटातले ते नावाजलेले धुरकरी, म्हणजे शर्यतीत छकडा हाकणारे. धान निघालं की रिकाम्या बांध्यांमधले, म्हणजे धानाच्या खाचरांमधले, बांध सपाट करून बैलांची धाव तयार व्हायची, अन् लांबलांबचे बैलजोडीवाले भासऱ्यांना न्यायला दारात हजर. आमच्या घरच्या बायका पट पाहायला जात नसत. मी पाहिला तो पटातून परत आलेला माणूस. एका साली गळ्याजवळचं हाड, एका साली कासऱ्यात अडकलेली ही बोटं, मग कंबर. हाड बसवणारा म्हातारा यायचा, बांबूच्या कामट्या बांधायचा. जाऊ लेपाची हळद कुटता कुटता बडबडायची, "बैलायचं बरं हाय माय, त्यायले तरी लोक जपतात."

मला मात्र रागाआधी प्रश्न पडायचे. त्या छकड्यावर असं आहे तरी काय? माझी आई म्हणायचीच, या पोरीच्या तोंडाले झाकण नाही. पण विचारू कोणाला? त्याची एक वाट होती, अन् ती सगळ्या गावाला मान्य होती. गोठ्यात पटातून सुटलेला एक म्हातारा बैल होता. त्याच्यापुढे कुटार टाकताना मी मोठ्यानं म्हणायची, "काहून रे, आज जेवाले कोनी येऊन नाही राहिलं?" ओसरीतून उत्तर यायचं, "सांग रे तिले, येतो म्हनून." बैल बिचारा दोन्हीकडून ऐकून घ्यायचा.

कंबर मोडली त्या साली भंडाऱ्याच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, आणखी एकदा पडला तर हा माणूस उठून उभा राहणार नाही. जावेनं त्यांना त्याच बैलाच्या पाठीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, पुन्हा छकड्यावर चढणार नाही म्हणून.

पुढच्या माघात जाऊ माहेरी गेली होती अन् माझे मालक बाजाराला. कोंढ्याकडचा एक जोडीवाला येऊन बाहेर कडुनिंबाखाली बसला. भासरे ओसरीत कमरेला शेला आवळत होते. मी तरातरा गोठ्यात गेले.

"विचार रे यायले, शपथ कुठं गेली?"

ओसरीत शेल्याचा आणखी एक वेढा आवळला गेला.

"विचार, हाडं मोडून घ्याले जातात, थ्या छकड्यावर भेटते तरी काय?"

मग म्हणाले, "सांग रे तिले. वरीसभर दुखते. उठता दुखते, बसता दुखते. छकड्यावर दुखत नाही."

मी कुटाराची टोपली धरून तशीच उभी. ते गेले.

दिवस मावळायच्या आत त्यांना खाटेवर घालून आणलं. मधला एक बांध नीट सपाट झाला नव्हता, चाक उडालं. जोडी जिंकली म्हणे. माणसं खाट ओसरीत ठेवून डॉक्टरला बोलवायला गेली. मी दाराआड होते. त्यांनी मान गोठ्याकडे वळवली.

"सांग रे तिले, आजही नाही दुखलं."

माझं डोकंच फिरलं. पदर मागे सारून मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आता दुखन," म्हटलं. "अन् त्याले काय सांगता? मले सांगा."

तेव्हा पहिल्यांदा त्यांचं तोंड पाहिलं. मी मोठा दांडगा माणूस मनात धरला होता. हे तर माझ्या मालकांसारखंच बारीक तोंड, अन् डोळ्यांतून पाणी चाललेलं. मलाही रडू आवरलं नाही.

ते परत उभे राहिले नाहीत. त्यांना कुशीवर वळवायला जाऊ अन् मी, दोघी लागायच्या. गावातल्या बायका कुजबुजल्या, तर जाऊ म्हणाली, "जिनं उचलाचं, तिनं बोलाचं नाही, हे कुठची रीत?" मग कोणी काही बोललं नाही. बैल मेला, तरी आमचं बोलणं काही अडलं नाही.

दर माघात शेताकडून पटाचा आरडाओरडा ऐकू आला की ते म्हणायचे, खाट तिकडे फिरव. मी फिरवायची. ते डोळे मिटायचे, वाकडी बोटं खाटेच्या दोरीत घट्ट रुतवायचे.

"दुखते काय जी?" मी विचारायची.

"थांब वं," म्हणायचे. "आत्ता नाही."