चुलीला फाटक लावणारी वहिनी

कुरवंडे गावात चुलीला फाटक लावणारी बाई एकच झाली, ती आमची थोरली वहिनी. पहिल्या जर्मन लढाईच्या आसपासची गोष्ट. चूल भुईवरच असायची, आणि पोर रांगायला लागलं की बाया त्याच्या कमरेला जुनेर बांधून दुसरं टोक खांबाला गुंडाळायच्या. वहिनीनं उलटं केलं. चुलीभोवती कारवीच्या काठ्यांचा कमरेएवढा कूड घातला, शेणामातीनं लिंपला, आत जायला झडप केली. म्हणायची, "दावं गुरांना. पोरं काय गुरं हायेत?"

हे तिला सुचलं नवऱ्यामुळं. माझा थोरला भाऊ लोणावळ्याला रेल्वेच्या फाटकावर होता. वहिनी एकदा त्याची भाकरी घेऊन गेली आणि तिथंच बघत बसली. घरी येऊन म्हणाली, "गाडी कुणाचं ऐकत न्हाई, म्हून फाटक. जाळ तरी कुटं ऐकतो?" मी दुसरी नापास, पण वादात हरणारा माणूस नाही. तरी लिंपायची माती मीच कालवून दिली.

शेजारची मावशी दारातून विचारायची, "काय गं, चूल पळून जाती व्हय तुजी?"

"चूल न्हाई मावशी, तुमचा नातू पळत येतो."

खरी तेढ आबांशी, म्हणजे आमच्या वडलांशी. चिलमीसाठी ते चिमट्यात निखारा धरून पोरांच्या मधून ओसरीवर जायचे. वहिनीनं ते बंद केलं. "मामंजी, चिलीम हितं आणा. इस्तू भायेर जायचा न्हाई." सुनेनं असं बोलावं? आबांनी मनात धरलं, आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात कूड पाडून टाकला. "पाव्हणं काय म्हणतील? लक्ष्मी कोंडवाड्यात घातली?"

भात वेळून झाला, वेळलेल्या कढत पेजेचं पातेलं रीतीप्रमाणं भुईवर निवायला ठेवलं. वहिनी त्याच्यापुढं दाराकडं तोंड करून बसली ती बसलीच. अक्षतांनाही उठली नाही. बायका कुजबुजल्या, "थोरलीला नणंदेचं लगीन बगवंना!" तिनं ऐकलं आणि पदर खोचला.

माझी लेक ठकी तेव्हा नुकती पावलं टाकत होती. आत भात काढणारी आई दिसली तशी ती सुटली. वहिनीनं उजव्या हातानं तिला उचललं, पण पातेलं डाव्या दंडावर कलंडलं. पेज पाण्यासारखी ओघळून जात नाही, चिकटते. ठकी भेदरून रडत होती, अंगावर थेंब नव्हता. वहिनी म्हणाली, "आदी पोरीला बगा." मग हात गार पाण्याच्या हंड्यात घातला. कुणी शाई आणली, कुणी पीठ. "काय लावू नगा. पानी वता नुसतं."

पाहुणे उठायच्या आत आबा कोयता घेऊन कारवी तोडायला डोंगराला लागले. माफी मागणं आमच्या घराण्यात नाही, पण कूड त्यांनी स्वतः घातला.

पुढं बऱ्याच वर्षांनी वहिनी गेली तेव्हा ठकी सासरहून, नवलाख उंबऱ्याहून आली, कडेवर तान्हं पोर. वहिनीला अंघोळ घालायला बायांनी चुलाणावरून पाणी उतरवलं. ठकीनं पोर माझ्याकडं दिलं आणि आपलं कोपर पाण्यात बुडवून पाहिलं. एक म्हातारी म्हणाली, "अगं, आता तिला काय भाजतंय?"

"लय कढत हाय," ठकी म्हणाली, आणि गार पाणी ओतत राहिली.