चौकोनी सेलवरची पट्टी

सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. तोंड उघडलं की दाताखाली धूळ करकरत होती आणि शेडच्या पत्र्याचा एक सैल कोपरा उगाच थाडथाड वाजत होता. फौजदारणीने कुलूप काढलं, पण दार लगेच ढकललं नाही. आधी फटीला नाक लावलं. मग आत जाऊन सेलच्या निळ्या पिंपाला बाहेरून तळवा लावला, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. पिंप गार होतं. तरी तिने मागे जाऊन दुसऱ्या बाजूनेही हात लावून पाहिला. एका बाजूचं ऐकून निवाडा करणारी बाई ती नव्हे.

फौजदारीण हे काही तिचं खरं नाव नाही. पोलिसांशी तिचा संबंध एकदा सायकल हरवली तेव्हा आला तेवढाच, आणि तेव्हाही तिने हवालदारालाच उलट चार प्रश्न विचारले होते. कचरा निवडायच्या शेडमध्ये तिला हे नाव पडलं ते स्वभावावरून. घरून निघताना चहाच्या डब्यातली पत्ती सपाट करून तिच्यावर बोटाने रेघ ओढून ठेवणारी ही बाई. लग्नाआधी नवरा पहिल्यांदा भेटला तेव्हा हिने त्याच्या तोंडाकडे कमी आणि चपलांकडे जास्त पाहिलं. एकाच बाजूने झिजल्या असतील तर माणूस वाकड्यात चालणारा, असा तिचा हिशेब. नवरा अजून म्हणतो, "देव पुढे उभा राहून वर माग म्हणाला, तर ही आधी त्याचं ओळखपत्र मागेल."

शेडमध्ये तिच्याकडे काम होतं वापरून संपलेल्या सेलचं. रिमोटचे, भिंतीवरच्या घड्याळांचे, खेळण्यांचे, म्हाताऱ्यांच्या कानातल्या यंत्रांचे. दुकानांत आणि इमारतींच्या जिन्यांखाली ठेवलेले डबे भरले की गाडीतून येत, ती ते टेबलावर ओतून निवडत बसे. पेन्सिल सेल निळ्या पिंपात. बटणाएवढे सेल दोन्ही अंगांना चिकटपट्टी लावून बरणीत. फुगलेल्या मोबाईल बॅटऱ्या वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात. महिन्याला एकदा कारखान्याची गाडी येऊन सगळं घेऊन जाई. तिथे त्यांतलं लोखंड, जस्त वेगळं काढतात, असं तिने ऐकलं होतं. डोळ्यांनी पाहिलं नसल्यामुळे तिचा त्यावर निम्माच विश्वास होता.

सगळ्यांत बेभरवशाचे चौकोनी सेल. त्यांची दोन्ही टोकं डोक्यावरच, शेजारीशेजारी. असे दोन सेल पिंपात डोक्याला डोकं लावून अडकले, की झुंजणाऱ्या रेड्यांसारखे तापतात, आणि जवळ कागदाचा कपटा असला की धूर. म्हणून प्रत्येक चौकोनी सेलच्या डोक्यावर पट्टी ओढायची आणि मगच पिंपात टाकायचा. हा नियम तिने कधी मोडला नव्हता.

तरी आठ दिवसांपूर्वी पिंपातून धूर निघाला.

वाळू टाकून तो विझवला, पण मुकादम धावत आले ते चांगलेच भडकून. "पुन्हा एकदा जरी धूर दिसला तर हा कोपरा बंद. सेल दुसऱ्या शेडला पाठवीन आणि तुम्ही ओल्या कचऱ्याच्या पट्ट्यावर."

ओल्या कचऱ्याच्या सरकत्या पट्ट्यावर तिने अकरा वर्षं काढली होती. हातमोजे घालूनही पाणी आत शिरायचंच. बोटांची सालं निघायची, भेगा पडायच्या, मिठाला हात लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. हात कोरडे ठेवा नाहीतर कामाचे राहणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हा कुठे दोन वर्षांपूर्वी हा सेलचा कोपरा मिळाला होता. टेबल, स्टूल, खिडकी. आणि कोरडे हात. आता कुठे बोटांवर नवी कातडी धरली होती.

म्हणून धूर विझल्यावर सगळे गेले तरी ती पिंप उपसत राहिली. तळाशी दोन चौकोनी सेल सापडले, एकमेकांना घट्ट चावून बसलेले, डोकी उघडी. तिने नख फिरवून पाहिलं. डोक्याच्या कडेला अजून चिकट लागत होतं. म्हणजे पट्टी होती. कोणीतरी काढली होती.

झालं. त्या दिवसापासून तिला शेडमधला एकही माणूस सरळ दिसेना. फाटकाशी घुटमळणारा भंगारवाला: याची नजर नेहमी पिंपावर का? डबे आणणारा गाडीवान: परवा विनाकारण हसला का? पण सगळ्यांत जास्त डोळा लांबडीवर. लांबडी म्हणजे पलीकडे प्लास्टिक निवडणारी, अंगाने ताडमाड उंच, जिभेने त्याहून लांब. "मला तुझ्या खिडकीजवळची जागा मिळाली असती तर मीही राणीसारखी बसले असते," असं ती एकदा हसत म्हणाली होती. फौजदारणीने ते वाक्य जपून ठेवलं होतं.

"माझ्या टेबलाकडे कोण येतं गं, मी नसताना?" तिने विचारलं.

"वारा येतो," लांबडी म्हणाली. "त्याला आत टाकायचं तर टाक."

"मी साधं विचारलं."

"तुझं साधं मला माहीत आहे. तू साधं 'बरी आहेस का' विचारलंस तरी माणूस खिसे चाचपतो."

फौजदारीण आपल्या टेबलाकडे वळली. दुसऱ्या दिवसापासून पट्टी लावली की तिच्यावर लाल पेनाने बारीक फुली मारू लागली, फुलीचं एक टोक पट्टीवर, एक सेलच्या अंगावर. पट्टी उचलून परत लावली की फुली जुळणार नाही. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर तिने पिंप चाळलं, तर तीन सेलच्या फुल्या मोडलेल्या. पट्ट्या वाकड्यातिकड्या परत चिकटवलेल्या, एक तर नुसती लोंबत होती. आणि चिकट अंगाला हिरवी लव.

लांबडीच्या डोक्याला हिरवा रुमाल असायचा.

तो रुमाल सुती होता आणि लव लोकरीची होती, हे तिच्यासारख्या बाईला दिसायला हवं होतं. पण संशयाला एकदा बसायला जागा मिळाली की बाकीचे प्रश्न दाराबाहेर उभे राहतात. ती तडक मुकादमांकडे गेली, तिन्ही सेल त्यांच्या टेबलावर मांडले आणि शपथेवर लांबडीचं नाव घेतलं. मुकादमांनी चष्मा वर सरकवून पट्ट्या पाहिल्या, बाहेर प्लास्टिकच्या ढिगापाशी हिरवा रुमाल पाहिला. "उद्यापासून ती ओल्या कचऱ्याला," ते म्हणाले. "संध्याकाळी सांगतो तिला."

हे काल घडलं. संध्याकाळी मुकादमांना कुठेसं जावं लागलं आणि सांगणं आजवर गेलं. म्हणून आज वारा खात, दाताखाली धूळ चावत ती कामाला लागली ती थोडी हलकी होऊन. लांबडी पलीकडे गुणगुणत बाटल्या निवडत होती. काही माहीत नव्हतं तिला.

दुपारी मामंजी डबा घेऊन आले. सासरे रोज यायचे. सासूबाई गेल्यापासून घरात करमत नाही म्हणून हे काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं होतं. उभं आयुष्य रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेलं, त्यामुळे बोटं अजून सरळ आणि पाठ कायमची वाकलेली. ते स्टुलावर टेकायचे, ती आवाराच्या टोकाला नळावर जायची. सेल हाताळल्यावर हात दोनदा साबणाने धुवायचे, मग कोरडे पुसायचे, मगच डबा उघडायचा. यात तिचा बराच वेळ जाई.

आज नळावरचा साबण संपला होता. ती तशीच मागे फिरली आणि खिडकीपाशी थबकली.

मामंजींनी पिंपातून एक चौकोनी सेल काढला होता. नखाने पट्टी अलगद सोडवून ती त्यांनी हरवू नये म्हणून स्वेटरच्या बाहीला चिकटवली. हिरव्या स्वेटरच्या. मग सेलची टोकं जिभेला लावली, डोळे मिटले, मीठ बेताचं आहे का पाहावं तसं थांबले. मान हलवली. बाहीची पट्टी काढून सेलवर दाबली, सेल पिंपात टाकला आणि दुसरा उचलला.

"मामंजी!"

म्हातारा दचकला नाही. "हा बघ," सेल वर धरून म्हणाला, "हा जिवंत आहे. जीभ कशी झणझणली! आणि तू याचं तोंड बांधून पाठवायला निघालीस."

"तुम्ही रोज हे करता?"

"मग घरचा रेडिओ सहा महिने कशावर चाललाय? तुझ्या सासूच्या आशीर्वादावर?"

पत्तीवर रेघ ओढणाऱ्या बाईने उशाशी बोलणाऱ्या त्या रेडिओला एकदाही विचारलं नव्हतं, बाबा रे, तू जगतोस कशावर.

"आणि मेलेले?"

"परत टाकतो की. चोर आहे का मी? पट्टीसुद्धा लावतो."

"लोकर लागलेली पट्टी चिकटते का मामंजी? त्याने धूर निघाला. माझा कोपरा जायची वेळ आली."

आता मात्र म्हाताऱ्याचा हात खाली आला. "मला काय ठाऊक," ते पुटपुटले. "जिता सेल टाकवत नाही हातातून."

कोणी पाहिलं नव्हतं. फौजदारणीने मागे वळून खात्री करून घेतली, सवयच ती. उद्यापासून मामंजींना फाटकावरच थांबवलं असतं तर धूर बंद, कोपरा शाबूत, आणि कोणाला काही कळलं नसतं. तिने आपली बोटं पाहिली. नवी कातडी अजून पातळ, गुलाबी होती. पलीकडे लांबडी बाटल्यांची बुचं काढत होती. तिचे हातही ओल्यात दोन महिन्यांत तसेच झाले असते, सालं निघालेले. भेगा कोणाच्या हाताला कुठे पडतात ते फौजदारणीइतकं कोणाला माहीत होतं!

डबा न उघडता ती मुकादमांकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

मुकादमांनी हातातली वही मिटली. "म्हणजे चोर घरातलाच."

"चोर म्हणू नका. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेत त्यांनी."

"आणि काल तुम्ही शपथेवर त्या बाईचं नाव घेतलंत."

"घेतलं. म्हणून तर आले. पट्ट्यावर घालायचं तर मला घाला."

मुकादमांनी लांबडीला बोलावलं. तिने सगळं ऐकून घेतलं, रुमाल सोडला, झटकला, परत बांधला. "फौजदारणीच्याच घरात दरोडा!" ती म्हणाली. हसली, पण डोळे हसत नव्हते. "काल सांगितलं असतं मला, तर मी आज पट्ट्यावर असते. आणि ही खिडकीत."

"चुकलं माझं," फौजदारीण म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. मुकादमांनीसुद्धा चष्मा नीट केला.

निकाल असा लागला. म्हाताऱ्याने फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. कोपरा महिनाभर फौजदारणीकडेच, पण पट्टी लावलेला प्रत्येक चौकोनी सेल लांबडी तपासणार आणि तिने हो म्हटल्याशिवाय एकही पिंपात जाणार नाही. महिन्यात धूर निघाला तर तिथल्या तिथे पट्टा.

मामंजी रिकामी पिशवी घेऊन फाटकाकडे निघाले. ती मागोमाग गेली. "मी नवा सेल आणते रेडिओला."

"जिते टाकायचे आणि नवे आणायचे! बंद पडला की मग नका म्हणू, घर कसं शांत शांत वाटतं." चार पावलं जाऊन ते थांबले. "चांगल्यातला आण. स्वस्तातले गळतात."

ती परत आली तेव्हा लांबडी तिच्या स्टुलावर बसली होती. फौजदारणीने डबे ठेवायचं खोकं ओढलं, त्यावर बसली आणि सकाळचा ढीग पुढे घेतला. एक चौकोनी सेल पुसला, पट्टी ओढली, दाबली, पुढे सरकवला. लांबडीने तो उजेडात धरला, चारी कोपऱ्यांनी नख फिरवलं, डोळा बारीक केला.

"इथे उचलतेय."

"कुठे?"

"इथे. की माझ्यावर विश्वास नाही?"

"दे इकडे," फौजदारीण म्हणाली, जुनी पट्टी सोलून काढली आणि दातांनी नवी तोडली.