ड्रेसरमामांचे पंधरा दिवस

"मला ससा येत न्हाय," हे ड्रेसरमामांनी आमच्या दारात उभं राहून मला सांगितलेलं पहिलं वाक्य. सारी नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून काढलेला माणूस. म्हशीचं चिघळलेलं खूर, बैलाचा सुजलेला खांदा, अडलेली शेळी, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत ते आणि मामी तळमजल्यावर राहायचे. मी मोठ्या आशेने त्यांना वर बोलावलं होतं आणि ते सरळ म्हणत होते, येत न्हाय. पुढे म्हणाले, "पण बगू की. न येणाऱ्या गोष्टीला माणूस हात जपून लावतो."

बोलवायचं कारण गब्बू. माझ्या अकरा वर्षांच्या ईराने हट्ट करून आणलेला ससा. दुकानदाराने नर म्हणून दिला होता. पहिले तीन महिने ईराच्या मांडीवर झोपायचा. पाचव्या महिन्यात काय झालं कळेना. चालताना पायांभोवती घूं घूं करत गोल गोल धावायचा, गाद्यांवर मुतायचा, पिंजऱ्यात वाटी ठेवायला हात घातला की गुरगुरून अंगावर यायचा. मामांना बोलावलं त्या दिवशी ईराच्या बोटाचा असा चावा घेतला, की धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागलं. ईरा रडत होती ती बोटासाठी नव्हे. "आई, त्याला मी आवडत नाही आता," म्हणत होती.

मामांची एक पद्धत होती. जनावराला हात लावण्याआधी ते खाली बसायचे. पिंजऱ्यापासून चार हात दूर फरशीवर मांडी घालून बसले, ते अर्धा तास. मी चहा केला, तो निवला. गब्बू बाहेर आला, त्यांचा गुडघा हुंगला, हनुवटी घासून गेला. मग मामांनी छातीखाली आणि मागे हात देऊन त्याला अलगद उचललं, क्षणभर पोटाकडे बघितलं आणि खाली सोडलं. "ह्यो बाप्या न्हाय, ताई. बाई हाय. वयात आलीया."

ईरा डोळे पुसत ऐकत होती. मामा तिच्याकडे वळले. "तिला तू आवडतीस. पन तिच्या अंगात काय चाललंय, ते तिलाच कळंना. हे तिचं घर हाय, तितं कुणाचा हात नको वाटतो. ती भाईर आली की वाटी भरायची. समजलं?" ईराने मान हलवली. त्या दिवसापासून झाडू दाखवणं, वरून उचलणं, ओरडणं बंद झालं. गादीवर जाड प्लॅस्टिक आलं. पायाला दात लागू नयेत म्हणून मी घरात मोजे घालून वावरू लागले.

पण माझ्या नवऱ्याचा, संजयचा, संयम संपला होता. चाव्यानंतरच्या रविवारी त्याने गब्बूला खोक्यात घातलं. वेळापूरकडे त्याच्या मित्राचं शेत होतं, तिथे सोडून येणार होता. ईरा दाराला कडी घालून आत बसली. मी जिन्यात त्याच्या मागे धावले, तर खाली मामा पायरीवर उभे.

"कुटं निगाला?"

"शेतात सोडतो. मोकळी राहील."

"कुत्री हायत तितं. पाळलेल्या सशाला पळायचं कुटं ते बी म्हाईत नसतं. संध्याकाळ बघनार न्हाय ती."

"मामा, मुलीला चावलीय ती. उद्या डोळ्याला लागलं तर?"

"बरूबर हाय तुमचं." मामा बाजूला झाले नाहीत. "पन मला पंधरा दिवस द्या. मग तुमी म्हणाल तसं."

खोक्यातून पाय आपटल्याचा आवाज येत होता. संजयने खोकं त्यांच्या हातात दिलं आणि वर निघून गेला. थोड्या वेळाने मामांनी गब्बूला परत तिच्या पिंजऱ्यात आणून ठेवलं. आठवडाभर घरात आम्ही कामापुरतंच बोललो.

नवव्या दिवशी गब्बूने स्वतःच्या छातीचे केस तोंडाने उपटायला सुरुवात केली. तोंडात गवताच्या काड्या धरून कोपऱ्यात नेत होती, त्यावर केसांची गादी अंथरत होती. छाती गुलाबी उघडी पडली. मी घाबरून मामांना हाक मारली. पिलं होणार म्हणावं तर दुसरा ससा घरात कधी आलाच नव्हता. मामांनी वाकून ते घरटं पाहिलं. "कुत्रीला हुतं असं कदी कदी. पोटात काय नसतं, अंगाला वाटतं हाय. ते काढू नका. तिचं तिला सोडू द्या." मी केरसुणी ठेवून दिली. संजय दारात उभा राहून बघत होता. त्या संध्याकाळी त्याने स्वतःहून विचारलं, "नसबंदीचं ऑपरेशन होतं का हिचं?"

मामांनीच शहरात चौकशी करून एक तरुण डॉक्टरीणबाई शोधल्या. त्या स्पष्ट होत्या. केलं नाही तर हे पुन्हा पुन्हा होणार, आणि वय वाढलं की गर्भाशयात गाठी होण्याची भीती. केलं तर भूल सशाला सोसेलच असं नाही, आणि त्यांनी सशाची ऑपरेशनं मोजकीच केली होती. मामांना बाईंचं हे बोलणं फार आवडलं. "खरं सांगती," एवढंच म्हणाले. निर्णय मात्र आमचा, असं त्यांनी दोनदा बजावलं.

मामांना चिडलेलं मी एकदाच पाहिलं, ऑपरेशनच्या सकाळी. माणसाला ठेवतात तसं मी गब्बूला उपाशी ठेवलं होतं. मामांनी रिकामी वाटी बघितली. "कुनी सांगितलं? सशाला उलटी येत न्हाय, त्याचं पोट थांबलं की संपलं! मी डॉक्टरीणबाईंना इचारून आलोय." मी हिरवं गवत पुढे टाकलं तेव्हा माझे डोळे भरून आले. गब्बू खाऊ लागल्यावर ते पुटपुटले, "माजंच चुकलं. तुमाला सांगायला पायजे हुतं."

साडेअकराला ऑपरेशन झालं, एकला तिला घरी आणलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, लवकर खायला लागली पाहिजे, लेंडी पडली पाहिजे. गब्बू कोपऱ्यात गोळा होऊन बसली, डोळे अर्धे मिटलेले. तीन वाजले, चार वाजले. नवी पेठेतल्या दुकानातून संजय आला तो वाटेत मंडईतून कोथिंबीर घेऊन. गब्बूने तोंड फिरवलं. मामा दर तासाला सुई नसलेल्या सिरिंजने पातळ लापशी तिच्या गालात थेंब थेंब सोडत होते. त्यांचे हात इतके स्थिर होते, की त्यांच्याकडे बघूनच आम्ही तग धरून होतो. ईरा समोर बसली होती. शाळेचा गणवेशही तिने बदलला नव्हता.

दिवेलागणीला मामा वाकले, फडक्यावरून काहीतरी उचललं आणि तळहात ईरापुढे धरला. एक बारीक काळी लेंडी. "घे. आली बघ." संजय मोठ्याने हसला आणि लगेच तोंड फिरवून खिडकीकडे गेला. थोड्या वेळाने गब्बूने कोथिंबिरीचं एक पान ओढलं.

पुढच्या महिना-दीड महिन्यात तिचं गुरगुरणं ओसरत गेलं. पंधरा दिवसांचा विषय परत कुणी काढला नाही.

दुसऱ्या वर्षी मामा-मामी जेऊरजवळच्या आपल्या गावी गेले, मुलाकडे. फोन येत राहिले. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, मामा गेले. मी आणि ईरा मामींना भेटायला गेलो. पाचच्या गाडीने परतायचं ठरलं होतं. ईरा आता दहावीत आहे. ती म्हणाली, "मामी, मामा किती शांत होते हो. ऑपरेशनच्या दिवशी तेवढे एकटेच घाबरले नव्हते."

मामी म्हणाल्या, "शांत? बाळ, त्या राती तुमच्याकडनं खाली आलं, आन् ह्यांना तांब्या धरता येईना. दोनी हात लटलट कापत हुते. मीच पानी पाजलं. म्हनलं, जल्मभर जनावरं मरताना बगितली तुमी, आजच काय झालं? तर ह्ये म्हनलं, पोरगी समोर बसलीवती गं. काय झालं असतं तर तिला काय सांगनार हुतो मी?"

ईराने मामींचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिकडे स्टेशनात गाडीने शिट्टी दिली. आमचीच गाडी होती. आम्ही दोघी उठलो नाही.